खासगी विमा टिकवायचा तर सरकार जास्त लागतं, कमी नाही

आडवाटेचा | सोमवार, रात्री ९:१२

आरोग्याचा विषय निघाला की चर्चा दोन मिनिटांत "सरकारने यातून अंग काढून घ्यावं" आणि "सगळं सरकारनेच करावं" या दोन खुंट्यांना जाऊन अडकते. गेले काही महिने जमेल तसं वाचतोय आणि एक गोष्ट डोक्यात पक्की होत चालली आहे. इथे मांडतो, खुशाल चिरफाड करा.

माझं म्हणणं असं, की ज्या देशांनी सगळ्या लोकांचं आरोग्य खासगी विम्यावर सोपवलंय तिथे सरकारने हात आखडता घेतलेला नाही. तो कोपरापर्यंत आत गेलाय.

आगीचा विमा घेताना माझं घर जळायची शक्यता आणि शेजाऱ्याचं घर जळायची शक्यता साधारण सारखी असते. आजारपणाचं तसं नाही. खर्चाचा मोठा वाटा थोड्याच माणसांवर होतो, आणि ती माणसं कोण हे बऱ्यापैकी आधीच कळतं. साखर आहे, वय झालंय, एकदा स्टेंट पडलाय. अशा धंद्यात कंपनीला पैसा मिळवायचा सगळ्यात सोपा रस्ता कोणता? उपचार स्वस्तात करून घ्यायला डोकं लागतं, भांडावं लागतं. त्यापेक्षा आजारी पडणाऱ्याला दारातच थांबवलेलं बरं. यात कंपनी दुष्ट असायचं कारण नाही. हिने नाही थांबवलं आणि दुसरीने थांबवलं, तर सगळे आजारी हिच्या गळ्यात आणि धडधाकट तिकडे. वर्षभरात दुकान बंद.

म्हणून सरकार सांगतं, कुणाला नाकारायचं नाही, आजाऱ्याकडून जास्त हप्ता घ्यायचा नाही. झालं, आता धडधाकट माणूस हिशोब करतो. मी आत्ता कशाला भरू? दुखायला लागलं की घेईन, नाही तरी नाकारता येणारच नाही. तो बाहेर राहिला की उरलेल्यांचा सरासरी खर्च चढतो, हप्ता चढतो, मग आणखी काहीजण बाहेर. जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हा खेळ मांडला, आणि पासष्टीपुढच्यांना आरोग्य विमा मिळणं का अवघड जातं तेही त्याच लेखात लिहिलं.

हे थांबवायचं तर विमा सक्तीचा करा. सक्ती केली की ज्याला झेपत नाही त्याच्या हप्त्याला सरकारने हातभार लावायचा. सरकारचा पैसा आला की विम्यात काय काय हवं ते सरकार ठरवणार. एवढं करूनही कंपन्या आडून आडून तरुण गिऱ्हाइकंच गोळा करणार (व्यायामशाळेची सवलत काही प्रेमापोटी देत नाहीत). मग ज्या कंपनीकडे निरोगी माणसं जास्त तिच्याकडून पैसे काढून जिच्याकडे आजारी जास्त तिला द्यायचे, त्यासाठी आणखी एक यंत्रणा.

स्वित्झर्लंडने १९९४ मध्ये जनमत घेऊन कायदा केला, १९९६ पासून तो लागू आहे. मूलभूत विमा प्रत्येकाला सक्तीचा, कंपनीने कुणालाही नाकारायचं नाही, आणि या मूलभूत विम्यावर नफा कमवायचाच नाही. नेदरलँड्समध्ये २००६ पासून साधारण तोच प्रकार, फक्त तिथे नफ्याला परवानगी आहे. कंपन्या खासगी, पण गिऱ्हाईक निवडायची सोय नाही, आणि मूलभूत विम्यात काय हवं ते कायद्यात लिहिलेलं. याला मुक्त बाजार म्हणायचं तर रुळावरून जाणाऱ्या डब्यालाही मोकाट म्हणावं लागेल.

उगाच | सोमवार, रात्री ९:३०

जागा धरून बसलोय. तराजूराव आले की सुरू होईल.

तराजू | सोमवार, रात्री १०:०५

आलो.

निदान बरोबर, औषध चूक. तुम्ही ज्याला विमा म्हणताय तो विमाच नाही, ती आगाऊ भरलेली वर्गणी आहे. क्वचित घडणारं आणि घडलं तर कंबरडं मोडणारं जे काही असतं त्याचा विमा काढायचा. सर्दीपडशाचा, दर वर्षीच्या तपासणीचा काढायचा नसतो. गाडीत पेट्रोल भरायचा विमा काढता का? सगळं विम्यात कोंबलं की पेशंट किंमत विचारत नाही, डॉक्टर सांगत नाही, आणि बिल तिसराच कोणी भरतो. मग खर्च वाढला म्हणून सगळे मिळून बोंब मारतात.

याला पुरावा आहे. अमेरिकेत रँड संस्थेने १९७४ ते १९८२ प्रयोग केला. हजारो कुटुंबांना वेगवेगळ्या योजना वाटून दिल्या, काहींना उपचार पूर्ण मोफत, काहींना खर्चातला २५ टक्के, ५० टक्के, थेट ९५ टक्के वाटा स्वतः उचलायचा, वर्षाला एका मर्यादेपर्यंत. ज्यांच्या खिशाला चाट बसत होती त्यांचा खर्च मोफतवाल्यांपेक्षा सुमारे २० ते ३० टक्के कमी झाला, आणि सरासरी माणसाच्या तब्येतीत म्हणण्यासारखा फरक नाही.

आणखी एक. अमेरिकेचं उदाहरण "बघा बाजाराचं अपयश" म्हणून नेहमी दिलं जातं. तिथे विमा नोकरीला का चिकटला? १९४२ मध्ये महायुद्धाच्या काळात सरकारने पगारवाढ गोठवली. मालकांना माणसं तर हवी होती, मग पगाराऐवजी विमा देऊ लागले. पुढे १९५४ च्या करकायद्याने त्यावरची करमाफी पक्की केली. आज तिथला माणूस नोकरी गेली की नोकरीबरोबर विमाही घालवतो. हे बाजाराने नाही केलं. सरकारच्या एका जुन्या निर्णयाचं शेपूट आहे ते.

आडवाटेचा | सोमवार, रात्री १०:४१

१९४२ चं मान्य. उत्तम मुद्दा.

पण रँडची अर्धीच गोष्ट सांगितलीत. लोकांनी खर्च कमी केला तो कसा? फालतू उपचार गाळले आणि गरजेचे ठेवले असं झालं नाही. दोन्ही सारखेच गाळले. छातीत दुखतंय ते गॅसमुळे की हृदयामुळे, हे ठरवायलाच तर डॉक्टर लागतो. आणि ज्या गरीब लोकांचं ब्लडप्रेशर वाढलेलं होतं, त्यांना मोफत योजनेत स्पष्ट फायदा झाला. सरासरीत हे बुडून जातं.

तराजू | सोमवार, रात्री १०:५८

मग गरिबाला थेट पैसे द्या ना. त्यासाठी सगळ्यांना एका दावणीला कशाला बांधायचं? सिंगापूरने १९८४ पासून पगारातून वैद्यकीय बचत खाती काढली. स्वतःचा पैसा आहे म्हणून माणूस जपून वापरतो.

आडवाटेचा | सोमवार, रात्री ११:१०

बचत सक्तीची. वरचा मोठ्या आजाराचा विमा २०१५ पासून सगळ्यांना सक्तीचा. आणि रुग्णालयातल्या बहुतेक खाटा सरकारी. बाजाराच्या बाजूने सिंगापूर द्यायचं तर जरा विचार करून द्या. :)

साधाप्रश्न | मंगळवार, सकाळी ७:२०

मला एक कळत नाहीये. "सरकारी आरोग्यसेवा" म्हणतात तेव्हा ब्रिटन, कॅनडा, जर्मनी सगळे एकाच पिशवीत टाकतात. तिघं सारखेच का?

आडवाटेचा | मंगळवार, सकाळी ८:०२

नाही, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. दोन प्रश्न वेगळे ठेवा. रुग्णालय कुणाचं? आणि बिल कोण भरतं?

ब्रिटनमध्ये दोन्ही बहुतांशी सरकार, करातून. कॅनडात बिल सरकार भरतं, पण बरेचसे डॉक्टर स्वतंत्र व्यवसाय करणारे. जर्मनीत पैसा कामगार आणि मालक यांच्या वर्गणीतून येतो आणि तो सांभाळतात आजारपण निधी नावाच्या स्वायत्त संस्था. बिस्मार्कने १८८३ मध्ये सुरुवात केली तेव्हा दोन वाटे कामगाराचे, एक मालकाचा. बिस्मार्कला गरिबांचा कळवळा होता असं समजू नका. समाजवाद्यांच्या पायाखालची सतरंजी ओढायची होती.

कॅनडाची गोष्ट तर वाचाच. सस्कॅचवान या एका प्रांताने १ जुलै १९६२ ला सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य विम्याची योजना लागू केली, आणि त्याच दिवशी प्रांतातल्या बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. २३ दिवस. सरकारने परदेशातून डॉक्टर आणून गाडा ओढला. शेवटी तडजोड झाली, की डॉक्टर सरकारी नोकर होणार नाहीत, पण बिल सरकार भरेल. आजही कॅनडाचा साचा तोच आहे. तत्त्व वगैरे नंतर चिकटवलेलं, मुळात ती संपाची तडजोड.

पुसट_अक्षर | मंगळवार, दुपारी २:१५

डॉक्टर आहे, त्यामुळे माझ्या जातभाईंच्या संपाबद्दल काही बोलत नाही. :)

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजू विसरतायत. पैसा सरकारचा की कंपनीचा यापेक्षा तो डॉक्टरला कसा मिळतो यावर माझा हात जास्त हलतो. केलेल्या प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे मिळत असतील तर गोष्टी वाढतात. मी लबाड नसलो तरी वाढतात, कारण "करून टाकू, नुकसान तर नाही" हे वाक्य जिभेवर सहज येतं. महिन्याचा ठरावीक पगार असेल तर "बघू पुढच्या आठवड्यात" हे वाक्य सहज येतं. अमेरिकेच्या मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेने, १९८३ मध्ये रुग्णालयाचा झालेला खर्च भरून देणं बंद केलं आणि आजारानुसार एकरकमी पैसे द्यायला लागली. पेशंट लवकर घरी जायला लागले. आजार तेच, माणसं तीच. म्हणजे आधी ते जास्तीचे दिवस खाटेवर का पडून होते याचं उत्तर आमच्या पाठ्यपुस्तकात नाही.

आणि तराजू, "पेशंटने किंमत विचारावी" हे मला पटतं, पण टेबलवर झोपलेला माणूस काय घासाघीस करणार? केनेथ अ‍ॅरो या अर्थतज्ज्ञाने १९६३ मध्येच लिहून ठेवलंय, की इथे विकणाऱ्यालाच माहीत असतं घेणाऱ्याला काय हवंय. असा बाजार दुसरा दाखवा.

तराजू | मंगळवार, दुपारी २:४०

गाडीचा मेकॅनिक.

पुसट_अक्षर | मंगळवार, दुपारी २:४४

गाडी भंगारात काढता येते हो.

उगाच | मंगळवार, दुपारी २:५०

माझ्या गुडघ्यांकडे बघून आमचा डॉक्टरही हेच सुचवणार आहे असं वाटतं.

धुकं | मंगळवार, संध्याकाळी ६:३३

गुडघ्यावरून आठवलं. मी बरीच वर्षं ब्रिटनमध्ये आहे. मोफत सेवेचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा माझ्याबरोबर पत्रं उघडायला बसावं.

गुडघा सुजला. घराजवळच्या डॉक्टरने तपासून पुढे पाठवलं. पाच आठवड्यांनी पत्र आलं, की तुमचं पत्र आम्हाला मिळालं. मग आणखी एक, की तुमची तारीख ठरली. मग तिसरं, की ती तारीख रद्द. चौथ्या पत्रात नवी तारीख, ती मला जमत नव्हती म्हणून फोन केला, तर फोनवर चाळीस मिनिटं संगीत. वर्ष उलटून गेलं. मधल्या काळात मी उजव्या पायावर सगळा भार टाकत चालत होते, आता तोही कुरकुरतो. इथे नियम आहे की शंभरातल्या ९२ जणांना १८ आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत. हे उद्दिष्ट शेवटचं गाठलं गेलं २०१६ च्या सुरुवातीला. २०२३ मध्ये प्रतीक्षायादीत एकट्या इंग्लंडमध्ये सत्तर लाखांहून जास्त नोंदी होत्या.

पण दुसरी बाजूही सांगते, नाहीतर रात्री झोप लागायची नाही. माझ्या नवऱ्याला मध्यरात्री अ‍ॅपेंडिक्सचा त्रास झाला तेव्हा तीन तासांत तो टेबलवर होता. कुणी कार्ड मागितलं नाही, कुणी सही मागितली नाही की पैसे कोण भरणार. त्या रात्री आमचा खर्च झाला तो फक्त पार्किंगचा. त्यावर मी आजही चिडते, म्हणजे बघा माणूस किती लाडावतो.

आणि हो, "सगळं फुकट" हे पहिल्यापासूनच पूर्ण खरं नव्हतं. ५ जुलै १९४८ ला सेवा सुरू झाली. तीन वर्षांत सरकारने कवळी आणि चष्म्याचे पैसे घ्यायचं ठरवलं, तर ज्याने ती सेवा उभी केली त्या बेव्हननेच मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

साधाप्रश्न | मंगळवार, संध्याकाळी ७:०१

म्हणजे एकीकडे बिलाची भीती, दुसरीकडे रांगेची?

धुकं | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

हो. पण रांगेत पुढे सरकायचे पैसे असतील तर तिथेही खासगी आहे. बेव्हनने वरिष्ठ डॉक्टरांना राजी करायला खासगी प्रॅक्टिसची मुभा ठेवली होती, ती आजही चालू आहे. माझ्याच गुडघ्याचा डॉक्टर मला पैसे भरून दोन आठवड्यांत भेटला असता. तोच माणूस. तोच गुडघा.

कागदी_वाघ | मंगळवार, रात्री ११:५२

इतके दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितो. सहा वर्षं क्लेम मंजुरीच्या टेबलावर होतो. कंपनीचं नाव विचारू नका, सोडून जमाना झाला.

आडवाटेचा यांनी लिहिलंय की कंपनी आजाऱ्याला दारात थांबवते. दारात थांबवायला बंदी घातली ना, तर ती चाळणी दुसऱ्या टोकाला लावतात. आत सगळ्यांना घ्यायचं आणि क्लेम आला की चाळायचं.

फाइल कशी वाचतात सांगतो. पहिलं पान बघायचंच नाही. सरळ डिस्चार्ज समरी काढायची आणि "पूर्वीचा आजार" ही ओळ शोधायची. एकदा एका बाईंची फाइल आली, पित्ताशयाच्या ऑपरेशनची. समरीत लिहिलं होतं, पाच वर्षांपासून रक्तदाब. पॉलिसी चार वर्षांपूर्वीची, अर्जात रक्तदाबाचा उल्लेख नाही. म्हणजे माहिती लपवली. नामंजूर. पित्ताशयाचा आणि रक्तदाबाचा संबंध काय, असं मी वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, संबंध आपल्याला बघायचा नाही, सही खोटी आहे एवढं बघायचं. बाईंचा मुलगा आला. आधीचे सगळे कागद घेऊन आला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारखांनुसार लावलेले. रक्तदाबाची पहिली गोळी तीन वर्षांपूर्वीची. "पाच वर्षं" कुठून आलं कुणालाच माहीत नाही. दोन महिने पत्रापत्री झाली, मग पैसे मिळाले. पण मला माहीत होतं, की असा मुलगा दहातल्या एकालाच असतो. बाकीचे नऊ नकाराचं पत्र आलं की गप्प बसतात. वरच्यांचं गणित त्या नऊ जणांवरच चालायचं, तसं तोंडाने कुणी कधी म्हणालं नाही.

पुसट_अक्षर | बुधवार, सकाळी ६:४८

हे वाचून चहा गार झाला.

"पाच वर्षं" कुठून येतं ते मी सांगतो. भरती करताना शिकाऊ डॉक्टर विचारतो, बीपी कधीपासून? पेशंट कण्हत म्हणतो, झाली असतील चार-पाच वर्षं. तो लिहितो पाच. त्या आकड्याचा उपचाराशी काडीचा संबंध नसतो, रकाना भरायचा असतो म्हणून भरतो. मी स्वतः असं किती वेळा लिहिलं असेल. त्या ओळीवर कुणाचे पैसे अडकत असतील हे डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ९:१५

आत्ताच ड्युटीवरून आले. सरकारी रुग्णालयात नर्स आहे, अठरावं वर्ष.

तुम्ही सगळे पैसा कुठून येतो यावर बोलताय. ठीक आहे. पण पैसा आला तरी खाट, हात आणि यंत्र लागतंच ना? आमच्या वॉर्डशेजारच्या खोलीत सोनोग्राफीचं नवं मशीन आहे. आलं तेव्हा हार घालून फोटो झाले. हार सुकला, काढला, मशीनवरचं प्लॅस्टिक तसंच आहे. कारण मशीन खरेदीच्या निधीतून आलं आणि ते चालवणाऱ्याचं पद वेगळ्या विभागाकडे, ते रिक्त. पेशंटला आम्ही बाहेर पाठवतो, बाहेर तो खिशातून भरतो. कागदोपत्री मात्र आमच्याकडे सोनोग्राफीची सोय आहे.

रात्री अडतीस पेशंट आणि आम्ही दोघी. एकीला सलाईन बदलेपर्यंत दुसऱ्या टोकाला कुणीतरी हाका मारत असतो. अशा वॉर्डात उद्या प्रत्येकाच्या हातात विम्याचं कार्ड दिलं म्हणून तिसरी नर्स उगवणार आहे का?

तराजू | बुधवार, सकाळी ९:४०

ताई, हेच तर मी म्हणतोय. सरकारी खात्यात मशीन एका टेबलाचं, माणूस दुसऱ्या टेबलाचा. खासगी रुग्णालयात ते मशीन एक दिवस बंद राहिलं तर मालकाची झोप उडेल.

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ९:५२

बरोबर. आणि मशीन चालू ठेवायला ज्यांना गरज नाही त्यांचीही सोनोग्राफी करेल. दोन वर्षं तिथेही काढलीत मी. तिथे रात्रीच्या मीटिंगमध्ये किती खाटा भरल्या ते वाचून दाखवायचे. आणि जिथे पैसा नाही तिथे तुमचा मालक रुग्णालय काढतच नाही, त्याची झोप उडायचा प्रश्नच येत नाही.

पुसट_अक्षर | बुधवार, सकाळी १०:२०

शेवटच्या वाक्याला जुनं नाव आहे. ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाच्या डॉक्टरने १९७१ मध्ये लिहिलं, की चांगली सेवा जिथे गरज जास्त तिथेच कमी सापडते, आणि बाजाराला जितकं मोकळं सोडावं तितकं हे वाढतं. हा माणूस वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत दवाखाना चालवायचा, म्हणजे पुस्तकी पंडित नव्हता.

आडवाटेचा | बुधवार, दुपारी १:०५

ताईंचा मुद्दा माझ्या मूळ लेखात अजिबात नव्हता, आणि असायला हवा होता. थायलंडने २००२ मध्ये सगळ्यांना योजनेत घेतलं, दर भेटीला ३० बाथ. बाहेरच्यांना तेवढाच आकडा आठवतो. पण त्याआधी कित्येक वर्षं ते जिल्ह्याजिल्ह्यात रुग्णालयं बांधत होते आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण भागात पाठवत होते. कार्ड आलं तेव्हा दाखवायला जागा होती.

उलट, बऱ्याच योजना भरती झाल्यावरच पैसे देतात. भारताच्या २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेतही विमा आहे तो रुग्णालयात दाखल झाल्यावरचा. रोजची रक्तदाबाची गोळी त्यात नाही. गोळी परवडली नाही म्हणून पक्षाघात झाला, की तो मात्र योजनेत बसतो.

तराजू | बुधवार, दुपारी ३:३०

सगळे माझ्यावर तुटून पडताय, तेव्हा एक प्रश्न उलटा. आडवाटेचा, तुमचं मूळ गणित असं की नाकारायला बंदी घातली की सक्ती लागतेच, नाहीतर डोलारा कोसळतो. अमेरिकेच्या २०१० च्या आरोग्य विमा कायद्यात सक्ती होती, विमा न घेणाऱ्याला दंड. २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो दंड म्हणजे कर आहे असं म्हणून ती वाचवली. मग २०१७ मध्ये संसदेने दंड शून्यावर आणला, २०१९ पासून लागू. नाकारायची बंदी तशीच राहिली. कोसळला का डोलारा? नाही कोसळला.

आडवाटेचा | बुधवार, रात्री ८:४५

दुपारपासून यावर विचार करतोय. तुमचं बरोबर आहे, माझं विधान जास्त ठाम होतं.

पण का नाही कोसळला ते बघा. त्या कायद्यात हप्त्याला मिळणारी मदत उत्पन्नाशी बांधलेली आहे. हप्ता वाढला तर ज्याला मदत मिळते त्याच्या खिशातून जास्त जात नाही, सरकारची मदत वाढते. म्हणून ती माणसं टिकली. ज्यांना मदत मिळत नव्हती त्यांच्यातले बरेच बाहेर पडले. म्हणजे काठी काढली, पण थैली मोकळी ठेवली. काठी नको असेल तर थैली लागते. दोन्ही नको म्हणाल तर कंपनीला पुन्हा दारात माणसं निवडू द्या. चौथी वाट मला अजून सापडली नाही.

जाता जाता, सक्तीची ती कल्पना डाव्यांची नव्हे. १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या पक्क्या उजव्या संस्थेने मांडली होती. युक्तिवाद असा, की अपघात झालेला माणूस दारात आला तर त्याला आपण मरू देणार नाही. १९८६ पासून तिथे कायदाच आहे, की पैसे असोत नसोत, तातडीच्या पेशंटला सावरल्याशिवाय बाहेर काढायचं नाही. मग विमा न घेणारा माणूस खरं म्हणजे बाकीच्यांच्या पैशावर विसंबून आहे.

तराजू | बुधवार, रात्री ९:०२

हा युक्तिवाद मला मान्य आहे, दुर्दैवाने. रस्त्यावर पडलेल्याला उचलायचं की नाही यावर माझंही दुमत नाही. माझं भांडण पुढचं आहे. उचलण्याच्या नावाखाली सुरू होतं आणि थांबतं कुठे? प्रत्येक आजाराची संघटना उठते, आमचंही घाला म्हणते, आणि मंत्र्याला नाही म्हणता येत नाही.

धुकं | बुधवार, रात्री ९:२५

"नाही" म्हणण्यासाठीच १९९९ मध्ये इथे एक वेगळी संस्था काढली, नाइस नावाची. नावावर जाऊ नका. महागडं औषध आलं की त्याने आयुष्य किती वाढतं, त्या आयुष्याचा दर्जा काय, आणि त्याला किती पैसे पडतात याचा हिशोब करून हो किंवा नाही सांगते. कॅन्सरच्या औषधाला नकार आला की वर्तमानपत्रं तुटून पडतात. पण तो नकार कारणांसकट छापलेला असतो, कुणीही वाचू शकतो. वाघांनी लिहिलेला नकार कुणी छापतं का?

कागदी_वाघ | बुधवार, रात्री ९:४०

छापत होतो की. तीन ओळींचा. कलम क्रमांक, कलमातलं वाक्य, आणि "आपला विश्वासू".

उगाच | बुधवार, रात्री ९:४४

आपला विश्वासू. वा.

साधाप्रश्न | गुरुवार, सकाळी ७:०५

सगळं वाचलं. डोकं गरगरतंय. सरकारने काय करावं ते सरकार ठरवेल, पण माझ्या विम्याच्या नूतनीकरणाची तारीख परवा आहे. आईबाबा दोघं त्यात आहेत, बाबांना साखर. हप्ता पुन्हा वाढलाय. भरू का नको?

कागदी_वाघ | गुरुवार, सकाळी ७:३०

भरा. एक दिवसही खंड पडू देऊ नका. खंड पडला की पूर्वीच्या आजाराची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजायला ते तयारच बसलेले असतात. बाबांची साखर अर्जात लिहिली आहे ना? नसेल तर आत्ताच लेखी कळवा आणि पोच घ्या. हप्ता थोडा वाढेल, वाढू दे.

पुसट_अक्षर | गुरुवार, सकाळी ७:४२

आणि कधी भरती व्हायची वेळ आलीच, तर घरी निघायच्या आधी डिस्चार्ज समरी खुर्चीत बसून पूर्ण वाचा. आजार कधीपासून ही ओळ चुकली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून मागा. आम्ही कटकट करू, घाई आहे म्हणू. तरी हलू नका.

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ८:१०

बाबांच्या साखरेचे जुने रिपोर्ट एका पिशवीत घालून ठेवा, तारखेनुसार. त्या मुलासारखे.